चार घरांची शांतता

३ मार्च

दादा,

नमस्कार लिहिला आहे, घ्यावासा वाटला तर घे. सात वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. आई बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा स्वतः ओवते आणि ओवला की मला बोलावून दाखवते. तुझा पत्ता वहिनी आईला पत्र पाठवतात त्याच्या पाठीवरून उतरवून घेतला. दोनदा ताडून पाहिला.

काम असं आहे. येत्या दोन एप्रिलला मास्तरांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी जुन्या हॉटेलच्या नाचघरात बँड वाजणार आहे आणि मास्तरांचं चरित्र निघणार आहे. लिहिणारे एक प्राध्यापक आहेत. चार वर्षं मास्तरांच्या पियानोशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि टिपणं घ्यायचे. पुस्तकाची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली आहेत. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाकडे हे काम कसं, असं तुला वाटेल. मास्तरांच्या मुलीने, ताईंनी, माझं नाव सुचवलं. प्राध्यापकांना म्हणाल्या, "बाबांच्या बँडमध्ये ऱ्हस्वदीर्घ कळणारा एकच माणूस होता आणि नेमका तोच वाजवत नव्हता."

पुस्तक चांगलं आहे. मास्तर हॉटेलच्या जेवणघरात हातरुमालांच्या घड्या घालायचे, खलाशांनी टाकून दिलेल्या तबकड्या ऐकून पियानो शिकले, हे सगळं आहे. रेडिओने 'गोंगाट' असा शेरा मारून तेरा वेळा परत पाठवलं, तेही आहे. एक न्हावी, दोन ट्राम कंडक्टर, एक कंपाउंडर अशी माणसं गोळा करून त्यांनी आपल्याकडचा पहिला जॅझ बँड उभा केला, त्यावर तर अख्खं प्रकरण आहे. आणि त्यांची लिहिण्याची रीत. इतर लोक कागदाच्या डोक्यावर 'पहिला ट्रंपेट', 'दुसरा ट्रंपेट' असं लिहितात. मास्तर माणसाचं नाव लिहायचे. सॅक्सोफोनवाल्या हत्तीचा दम कागदावरच्या उभ्या रेघांमधल्या आठव्या घरात संपतो म्हणून नवव्या घरात त्याला विसावा. तुझा वरचा सूर जरा चिरका लागायचा, तर त्यांना तो चिरकाच हवा असायचा. म्हणून ज्याचं नाव त्याचा कागद, हा नियम. मोठा ट्राम कंडक्टर बँड सोडून गेला तेव्हा एक्केचाळीस कागद पोत्यात भरून घेऊन गेला, आणि मास्तरांनी पोत्याचं तोंड स्वतः शिवून दिलं. हा किस्साही प्राध्यापकांनी घेतला आहे. फक्त 'पोत्याचे' ऐवजी 'पोताचे' छापलं होतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बँडमध्ये आलास तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास की वीस? पुस्तकात नाव नाही, 'वीस वर्षांचा एक ट्रंपेटवादक' एवढंच आहे. आणि 'भोंगा' हे नाव तुला मास्तरांनी दिलं की हत्तीने?

मुद्रितं चोवीस तारखेला परत द्यायची आहेत. पान १४३ बद्दल वेगळं लिहीन.

तुझा धाकटा


९ मार्च

दादा,

पोचपावती आली. तिच्यावर वहिनींची सही आहे. म्हणजे पत्र घरात पोचलं, एवढं तरी कळलं.

पान १४३ बद्दल लिहितो. आधीच्या पानांवर मी शहाण्णव चुका काढल्या. १४३ वर मधला परिच्छेद असा आहे:

'रेडिओवरील त्या थेट प्रक्षेपणात मास्तरांनी प्रथमच संपूर्ण बँडला चार घरे स्तब्ध केले. संगीतातील शांततेचा हा प्रयोग त्या दिवशी मात्र एका वादकाच्या बेफिकिरीमुळे फसला. मद्याच्या अमलाखाली असलेल्या ट्रंपेटवादकाने, जो बँडमध्ये भोंगा या नावाने ओळखला जाई, त्या शांततेतच सूर लावला. मास्तरांनी त्याला त्याच दिवशी बँडमधून काढले.'

या परिच्छेदात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मी तो किती वेळा वाचला ते लिहीत नाही. पुस्तक एकदा छापलं की हेच राहणार. शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांत जाईल. तुझी मुलगी आता सहा वर्षांची असेल, ती कधीतरी वाचेल.

त्या दिवसाबद्दल मला जे माहीत आहे ते लिहितो, म्हणजे तुला ताडून पाहता येईल. रचना आपली महिनाभर बसलेली होती. सकाळी आठ वाजता मास्तरांनी शेवटच्या भागाच्या आधी चार घरांची शांतता घातली आणि पंधरा कागद नव्याने उतरवायला मला दिले. दुपारी दोनचं प्रक्षेपण. बदल कोणाला सांगायचा नाही, तालीम करायची नाही, ही त्यांची पद्धतच होती. माणूस कागदावर दचकला पाहिजे आणि तो दचका वाजवण्यात उतरला पाहिजे, असं म्हणायचे. "कागदावर असेल ते वाजवा, आठवणीतलं वाजवू नका." हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल.

चौदा जण थांबले. तू थांबला नाहीस. ते अर्धं घर तुझा चिरका सूर एकटाच वाजला आणि तूही मध्येच तोडलास. नंतर कागद पाहिला तेव्हा त्यात चार घरांची शांतता लिहिलेली होती. जाड आडवी रेघ आणि वर चारचा आकडा. तो कागद तूही पाहिलास.

दादा, त्या दिवशी तू प्यायला होतास का? मला तुझ्याकडून लेखी हवं आहे. अकरा महिने सोडली होतीस हे मला माहीत आहे. तू 'नाही' असं लिहून पाठवलंस तर मी प्राध्यापकांना दाखवू शकेन.

आज नऊ. पंधरा दिवस आहेत.

तुझा धाकटा


१४ मार्च

दादा,

मागच्या पत्रातला शेवटचा प्रश्न फाडून टाक. तो विचारण्याचा मला अधिकार नव्हता. का ते आता सांगतो.

काल ताईंकडे गेलो होतो. मास्तरांचं कपाट लावायचं काम चालू आहे, कार्यक्रमाचे कागद त्यातूनच निघायचे आहेत. तुला एक गोष्ट माहीत नाही, ती मी सहा वर्षं कोणाला सांगितली नाही. तू गेल्यावर मास्तरांनी सदतीस रचना केल्या. प्रत्येक मूळ प्रतीत पंधराच्या जागी सोळा ओळी आहेत. सोळाव्या ओळीच्या डोक्यावर 'भोंगा' लिहिलेलं आहे. नवा ट्रंपेटवाला आला त्याच्या नावाची ओळ निराळी. ही तुझी, पूर्ण लिहिलेली, चिरक्या सुरासकट. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं, ही उतरवायची का? मास्तर पियानोचं झाकण पुसत होते. म्हणाले, "कधी उतरवायची ते तू सांग." मी म्हटलं, बरं. त्यानंतर ते प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहायचे आणि मी पंधरा कागद उतरवून त्यांच्यापुढे ठेवायचो.

काल खालच्या खणात ताईंना एक घडी केलेला कागद मिळाला. तुझा, त्या दिवसाचा. बाकी चौदा खोक्यात आहेत, हा वेगळा ठेवलेला. मागच्या बाजूला मास्तरांच्या अक्षरात पेन्सिलीने काही होतं. त्यांचं अक्षर म्हणजे माशीचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखं, ताईंना ते कधीच लागलं नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "वाच रे, बोरू."

मी वाचलं. खाली त्याच दिवसाची तारीख होती. वर लिहिलं होतं: 'खरवडले आहे. पोरगा सांगेल.'

ताईंनी विचारलं, "कोण पोरगा?"

मी म्हणालो, माहीत नाही.

दादा, माहीत होतं. त्या सकाळी मी चौदा कागद मूळ प्रत समोर ठेवून, एकेका घरावर बोट ठेवून उतरवले. तुझा शेवटी ठेवला होता. तुझा मला पाठ होता. महिनाभर घरात तू तेच वाजवत होतास, मी अंघोळ करताना गुणगुणायचो. बारा वाजून गेले होते, मूळ प्रत मास्तर परत मागत होते, ती मी देऊन टाकली आणि तुझा कागद आठवणीतून लिहिला. सुंदर उतरला होता. पंधरांत सगळ्यात सुबक. फक्त चार घरं त्यात नव्हती.

म्हणजे तू कागदावर होतं तेच वाजवलंस. आठवणीतलं उतरवलं मी.

प्रक्षेपण संपल्यावर कागद गोळा करणं माझं काम. मी ते खोक्यात घालून बाहेरच्या व्हरांड्यात आलो आणि तुझा काढून पाहिला. आत तू सांगत होतास की कागदात शांतता नव्हतीच, ते मला ऐकू येत होतं. ब्लेड खिशातच असतं. ओळीच्या टोकाची दोन घरं खरवडली. खरवडलेल्या जागी शाई पसरते, म्हणून आधी अंगठ्याच्या नखाने कागद घोटावा लागतो. तो घोटला. मग ती दोन घरं दाटीवाटीने लिहून पुढे जाड रेघ ओढली, वर चारचा आकडा घातला, टीपकागद दाबला. मास्तरांची हाक आली, "भोंग्याचा कागद आण." मी नेला.

त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मला वाटलं, चष्मा नाही म्हणून. मग तुझ्या हातात दिला. तू पाहिलास आणि म्हणालास, "मग मीच चुकलो असेन."

तू ओरडला असतास, मला पकडलं असतंस, तर बहुतेक मी बोललो असतो. नक्की सांगता येत नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे म्हणून 'बहुतेक' लिहितो. वहिनी तुला न्यायला आल्या आणि दारातच त्यांनी तुझा श्वास हुंगला. तेही मी पाहिलं. त्यांना काही वास आला नाही, तरी तुझ्यावर विश्वास बसला नाही, हेही कळलं. आणि पुढच्या आठवड्यात तू ट्रंपेट पेटीत ठेवलंस.

मी वीस वर्षांचा होतो. हे कारण म्हणून लिहीत नाही. नुसता आकडा आहे.

धाकटा


१९ मार्च

दादा,

पावती आली. या वेळी सही तुझी आहे. 'भ' अजून तसाच काढतोस, शेपूट वर वळवून.

तू काही लिहिलं नाहीस. ठीक आहे. काय झालं ते कळवत राहणं माझं काम आहे.

सोळा तारखेला ताईंना सांगितलं. पोरगा म्हणजे मी. त्या खुर्चीत बसल्या, मग उठून खिडकी लावली, पुन्हा बसल्या. मला वाटलं होतं माझ्यावर चिडतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे बाबांना त्याच दिवशी कळलं होतं."

मी हो म्हटलं.

"कळलं होतं, आणि एका माणसाला त्यांनी उठवून लावलं. आणि मग सहा वर्षं वाट पाहत बसले. हे छापायचं का पुस्तकात? वर्षश्राद्धाला?"

 मग त्यांनीच मार्ग काढला. तो परिच्छेदच गाळायचा. दारूचा उल्लेख नाही, भोंगा नाही, चुकीचा सूर नाही. मास्तरांनी चार घरं बँड थांबवला, पुढचं वाक्य. "त्याची बदनामी नको ना तुला? मग झालं तर. कोणालाच त्रास नाही." कागद त्यांनी पुन्हा घडी करून खणात ठेवला.

मी हो म्हणून आलो. हे लपवत नाही. येताना हलकंसुद्धा वाटत होतं. ट्रामच्या थांब्यावर उभं राहून त्या परिच्छेदावर काट मारली. तिरकी, पट्टी लावून.

घरी आलो तर आई दाराशी सुई-दोरा घेऊन बसलेली. तिला पुस्तकाचं माहीत आहे. म्हणाली, "काय रे, दादाचं नाव आहे ना त्यात? मला दाखव, आता दिसतं मला."

दादा, मी पानं चाळली. इतर ठिकाणी तुझं नाव आहे का ते पाहिलं. तीनशे बारा पानांत 'भोंगा' एकदाच येतो, १४३ वर. तोही मी ट्रामच्या थांब्यावर खोडला होता. नऊ वर्षं तू त्या बँडमध्ये होतास. आई चष्मा पुसून वाट पाहत होती. मी म्हटलं, अजून छापायचं आहे. ती म्हणाली, "छापून आलं की त्याला पाठव एक. येईल तरी."

उद्या तालीम आहे. पहिल्यांदाच सगळे एकत्र येणार आहेत, ताईही असतील.  चार वाजता सांगणार आहे. हे तुला आधी कळवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

धाकटा


२२ मार्च

दादा,

सांगितलं.

तालीम नाचघरातच होती. खुर्च्या मास्तरांच्या वेळेसारख्या मांडल्या होत्या. मी कागद वाटले आणि वाटून झाल्यावर मास्तरांच्या पियानोशेजारी उभा राहिलो. एरवी मी कागद वाटून मागे जातो, म्हणून सगळ्यांनी पाहिलं. लिहून नेलं होतं, पण तो कागद खिशातच ठेवला. सकाळपासून व्हरांड्यापर्यंत सगळं सांगितलं. ब्लेडचंही. मास्तरांनी मागे काय लिहिलं होतं तेही.

 ड्रम वाजवणाऱ्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. मी मनात मोजत होतो, ती सवयच आहे. चार घरं केव्हाच होऊन गेली होती.

मग हत्ती उठला. आता त्याला उठायला खुर्चीचा हात धरावा लागतो. म्हणाला, "सात वर्षं आम्ही त्याला बेवडा म्हणतोय. मी तर त्याच्यावर गोष्टी रचून सांगितल्या, लोक हसायचे."

ताई दाराजवळून म्हणाल्या, "पण बाबा का गप्प बसले? त्यांनी एकदा हाक मारली असती तरी तो आला असता."

हत्ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, "वाजवणारे त्यांना दहा मिळाले असते, ताई. त्यांचं अक्षर वाचणारा हा एकटाच होता. याला विचारलं असतं तर हा पळाला असता. मास्तरांनी हिशेब केला. सूर कळायचा त्यांना, बाकी माणूसच होते."

ताई रडल्या नाहीत. पर्समधून तो कागद काढला. बरोबर घेऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "पुरावा म्हणून प्राध्यापकांना देणार असशील." मी म्हटलं, कागद मला नको, प्राध्यापकांनाही नको. त्या चिडल्या, मग कोणाला हवाय? हत्तीने विचारलं, "डोक्यावर नाव कोणाचं आहे?"

त्यांनी उलटून पाहिलं. ते अक्षर माझं आहे, त्यांना लागतं. "भोंगा," त्या म्हणाल्या. आणि माझ्या हातात दिला.

तालीम झाली नाही त्या दिवशी. ताईंनी निघताना मला सांगितलं की दोन एप्रिलनंतर माझ्याकडच्या कपाटाच्या किल्ल्या त्या दुसऱ्या कोणाकडे देतील. मी बरं म्हटलं. त्यांच्या जागी मी तेच केलं असतं.

काल प्राध्यापकांकडे जाऊन मुद्रितं दिली. १४३ वरची काट रद्द केली आणि समासात नवा मजकूर लिहिला: त्या दिवशी भोंग्याच्या कागदावर शांतता नव्हती. ती उतरवायची नकलनवीस विसरला आणि नंतर त्याने कागद खरवडला. मास्तरांनी ते ओळखले होते. वादक शुद्धीवर होता आणि त्याने लिहिलेले तेच वाजवले. खाली माझी सही, पूर्ण नावाने. प्राध्यापकांनी चष्मा काढून दोनदा वाचलं. म्हणाले, असंच छापतो, पण ताईंचं मन मोडेल. आणि म्हणाले, तुम्हाला यापुढे कागद कोण देईल? मी म्हटलं, ते मी पाहीन. 'शुद्धीवर' मधला 'द्ध' त्यांना नीट लागला नाही, तो परत काढून दिला.

पाकिटात दोन कागद आहेत.

जुना, तुझा. उजेडात धर. तिसऱ्या ओळीच्या टोकाला कागद पातळ झालेला दिसेल आणि रेघेच्या कडेला शाई जराशी पसरलेली. नखाने नीट घोटलं गेलं नव्हतं. आधी वहिनींना दाखव. त्यांनी पाहिला की मग तू पाहा.

नवा, मास्तरांच्या शेवटच्या रचनेतली सोळावी ओळ. दोन एप्रिलला बँड तीच वाजवणार आहे. हत्तीने नाचघरात सोळावी खुर्ची मांडायला सांगितली आहे, ताईंनी अडवलं नाही. तू यावंस असं मी लिहीत नाही, ते लिहिण्याची माझी लायकी नाही. ट्रंपेटची झडप सात वर्षांत अडकली असेल, ओठही तसे राहिले नसतील, हे मला कळतं. खुर्ची मोकळी राहिली तरी बँड तुझी घरं मोजेल, असं ठरलं आहे.

कागद काल सकाळी उतरवला. मूळ प्रत समोर ठेवून, एकेका घरावर बोट ठेवून. तीनदा ताडला. मला यातला एकही सूर पाठ नाही.

तुझा
बोरू